‘मीच केलं’ म्हणणाऱ्या बाई

नागभीडजवळच्या आमच्या कॉलेजात संगणकाच्या लॅबमध्ये भिंतीवर एक लोखंडी पेटी आहे. तिच्यात नेटवर्कचा स्विच असतो, म्हणजे कॉलेजातल्या सगळ्या संगणकांच्या तारा जिथं एकत्र येतात ते यंत्र. ते सांभाळायला मला नेमलं खरं, पण ताबा होता लॅबच्या परिचर बाईंकडे. पेटीची किल्ली त्यांच्या पदराच्या गाठीत आणि पासवर्ड म्हणजे त्यांच्या म्हशीचं नाव. स्टाफच्या चहाला दूध त्याच म्हशीचं यायचं, त्यामुळे ते नाव माहीत नाही असा माणूस कॉलेजात शोधून सापडला नसता. मी कपाळाला हात लावला.

त्यावर कडी म्हणजे, स्विचमध्ये शिरणारा प्रत्येकजण ‘ॲडमिन’ या एकाच नावानं शिरायचा. प्राध्यापक, क्लार्क, वायरमन, सगळे ॲडमिन. काही बिघडलं तर कोणी बिघडवलं, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. मग आवाज चढायला लागले की बाई हातातला झाडू बाजूला ठेवायच्या आणि म्हणायच्या, “मीच केलं जी. पुसता पुसता हात लागला असन.” विषय तिथंच मिटायचा. बाईंना कोण बोलणार?

मला त्या फार आवडायच्या, पण हा कारभार पाहून डोकं फिरायचं. सुट्टीत मी सगळं बदललं. प्रत्येकाला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड दिला. स्विचमध्ये शिरायचं तर ठरलेल्या एकाच संगणकावरून. कोणी, केव्हा, काय बदललं याची नोंद आपोआप संस्थेच्या चंद्रपूरच्या मुख्य कार्यालयात जायची, आणि ती मलाही खोडता यायची नाही. बाईंचं स्विचमध्ये काही काम नव्हतं, म्हणून त्यांना लॉगिन दिलं नाही. त्यांनी पदराची गाठ सोडून किल्ली माझ्या हातावर ठेवली.

“मायावर भरोसा नाई काय वो पोरी?”

“तुमच्यासाठीच करून राह्यली न बाई! आता कोनाचंच खापर तुमच्यावर नाई फुटणार.”

त्या झाडू उचलून कामाला लागल्या. पुढचे काही दिवस माझ्या चहात दूध कमी पडत होतं, एवढं मात्र खरं.

मग ऑनलाइन परीक्षा आली. लॅब एका नव्या लेक्चररकडे होती. पोरगा गुणी, पण अजून कायम झालेला नव्हता, आणि ते ठरायची बैठक तोंडावर आली होती. एक बिघडलेला संगणक नेटवर्कला त्रास देत होता, म्हणून तेवढी एक तार बंद करायला तो स्विचमध्ये शिरला आणि गडबडीत बाहेर जाणारी मुख्य लाइनच बंद करून बसला. माझा फोन कोकलायला लागला. मी धावत गेले, लाइन सुरू केली, पण तोवर पेपर अडकला होता. मुलांना दुपारी पुन्हा बसावं लागलं. प्राचार्य भडकले आणि त्यांनी नोंद मागवली.

बाई माझ्याजवळ आल्या. “त्याचं नाव काढ अन् मायं टाक. मी तं आता रिटायर होऊन राह्यली. त्याची नोकरी जाईन न.”

“बाई, तुम्हाले तं लॉगिनच नाई. अन् ते कोनालेच खोडता येत नाई.”

“असं काऊन केलं वो तुनं?”

त्या रागावल्या नव्हत्या, त्यांना खरंच समजत नव्हतं. मला रडू आलं. माझं काम चोख होतं, नियमात होतं, आणि त्यानंच त्या पोराचा गळा धरला होता.

प्राचार्यांच्या टेबलावर नोंदीचा कागद होता. “माझ्याकडून झालं सर,” लेक्चरर मान खाली घालून म्हणाला. अशा माणसाला कायम करायची शिफारस मी कशी करू, असं प्राचार्यांनी त्याला सरळ विचारलं. तेवढ्यात बाई न बोलावता आत आल्या आणि त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या. आता या म्हणणार ‘मीच केलं’, असं मला वाटलं.

“सर,” बाई म्हणाल्या, “तुमच्या टाइमाले नाव लिहिणारी असी मशीन नोहती.”

कॉलेजात इंटरनेट नवीन आलं तेव्हा प्राचार्य त्याच लॅबमध्ये लेक्चरर होते, आणि तिथला झाडू तेव्हाही बाईंच्याच हातात होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग कागदाची घडी घालून तो फायलीत ठेवला. “पुढच्या परीक्षेआधी मॅडमकडून हे सगळं नीट शिकून घ्या,” ते लेक्चररला म्हणाले. आणि मग हळूच, “बाई, बसा न.” बैठकीत त्यांनी शिफारस केली आणि पोरगा कायम झाला.

त्या दिवशी बाहेर आल्यावर मला राहवेना. “बाई, सरांनी तवा काय केलं होतं जी?”

“मले नाई आठवत.” थोडं पुढं जाऊन त्या थांबल्या आणि वळून म्हणाल्या, “अन् आठवलं तरी तुले नाई सांगणार. तू सारं लिहून ठेवते.”