थुंकणारं मशीन

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा दोघा कोळी भावांपैकी थोरला धाकट्याला वल्ह्याने झोडपत होता. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. होड्यांना मागे लावायची पेट्रोलची मशीनं दुरुस्त करायला मी पापडीहून सायकलवर यायचो. या दोघांची होडी एकच, जाळंही एकच. नारळी पुनवेपासून मशीन भर लाटांत बंद पडत होतं, आणि त्या दिवशी होडी खडकावर आदळता आदळता वाचली होती.

“यानं पेट्रोल इकलं न् रॉकेल वतलं,” थोरला म्हणाला. “आता होडीवर पाय ठेवू देनार नाय.”

“मी नाय वतलं, दादा,” धाकटा म्हणाला. त्याचं उजवं मनगट भलतंच वाकलं होतं. पुढचा फटका बसणार तेवढ्यात मी थोरल्याच्या दंडावर पाना हाणला. माझंही डोकं काही थंड नव्हतं. “आधी मशीन बघू दे, मग मार त्याला,” मी म्हणालो. दुसरं काही त्याने ऐकलंच नसतं.

टाकी रिकामी करून माझ्याजवळचं चांगलं पेट्रोल भरलं. तरी मशीन फुरफुरून मेलं. मग कार्बोरेटरच्या तोंडासमोर तळहात धरून दोरी ओढली, तर ते पेट्रोल उलट माझ्या हातावर थुंकलं. रॉकेलने असं होत नाही. आत पोलादाच्या पातळ पात्या असतात, त्यांना रीड म्हणतात. त्या पेट्रोल आत घेतात आणि झटकन मिटतात. इथे एखादी मिटत नव्हती.

सगळं उघडलं. एका पातीखाली तांदळाचा दाणा अडकला होता, कुंकवाने अजून लालसर. पुनवेला मशीनचीही पूजा होते, आणि यांच्या कार्बोरेटरवरचं झाकण केव्हाच तुटून गेलं होतं.

“पूजा कोणी केली?” मी विचारलं.

धाकट्याने थोरल्याकडे बघितलं. घरातला मोठा म्हणून अक्षता टाकायचा मान त्याचाच. त्याच्या थोबाडीत द्यावी असं मला मनापासून वाटलं.

दाणा काढून पुन्हा जोडलं, मशीन पहिल्याच ओढीला चालू झालं. “चल, बस,” थोरला धाकट्याकडे न बघता म्हणाला.

धाकट्याने तोंडातलं रक्त टाकलं आणि होडीतली सुरी डाव्या हातात घेतली. आता मुडदा पडतो, असं वाटून मी मागे सरलो. पण त्याने जाळं वाळूवर ओढलं आणि मधोमध कापायला घेतलं. “माझा वाटा,” तो म्हणाला. एका हाताने जमेना, सुरी घसरत होती. थोरला पुढे झाला, दोन्ही हातांनी जाळं ताणून धरलं आणि कापून होईपर्यंत सोडलं नाही.