पौषातला आकाशपाळणा

यात्रेचा माळ यात्रा नसताना बघू नये, असं माझं ठाम मत आहे. कुणी विचारलं नाही तरी मी ते सांगत असते. नातवंडं मोठ्या बागेत चक्रं, घसरगुंड्या बघायला चला म्हणतात, तेव्हा मी आधी विचारते, ‘गर्दी असेल ना?’ गर्दी असेल तर येते. गर्दी नसेल तर घरी बसून शेंगा सोलते.

श्रीगोंद्याकडे, काष्टीच्या अलीकडे, दोन गावांच्या शिवेवर एक देऊळ आहे. चैत्रात तिथे मोठी यात्रा भरायची. आकाशपाळणे, लाकडी घोड्यांचं चक्र, मौत का कुवा, माणसाला कधी लांबुडकं तर कधी बुटकं दाखवणारे आरसे, असं सगळं तिथे यायचं आणि आठवडाभर माळ नुसता गरगरत असायचा. मी आणि माझी थोरली बहीण, आमची आक्का, पाळण्यात बसायचो. मी भीतीनं डोळे मिटून घ्यायची आणि आक्का वरून ओरडून आबांना हाका मारायची. आबा म्हणजे आमचे वडील. ते खाली उभे राहून आमच्याऐवजी घाबरायचे.

मग तो मोठा दुष्काळ आला. त्या चैत्रात यात्रा नावापुरतीच झाली. पाळणेवाल्यांचे बैल चाऱ्यावाचून हडकले आणि काष्टीच्या बाजारात मातीमोल गेले. बैलच नाहीत म्हटल्यावर एवढं सामान ओढायचं कुणी? ती माणसं माळावरच राहिली. बायका-पुरुष दिवसा दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. मौत का कुव्याच्या फळ्यांच्या त्यांनी झोपड्या केल्या होत्या आणि लाकडी घोड्यांवर धुणं वाळत होतं.

त्या पौषात मी तिथे गेले. तेव्हा मी नगरला मास्तरणीचं शिक्षण घेत होते. मजा बघायला म्हणून गेले नव्हते. आक्काची काडीमोड होती.

आता काडीमोड म्हणजे काय ते सांगायला हवं. नवरा-बायकोचं तुटलं की दोन्हीकडची माणसं आणि एक मध्यस्थ बसतात. नवरा गवताची काडी मोडतो, अर्धी आपल्याकडे ठेवतो, अर्धी बायकोच्या बापाच्या हातावर ठेवतो. झालं. कोर्ट नको, कागद नको. गवताच्या एका काडीत सगळा संसार मावतो.

आक्काला सासरी मार होता. दोन वर्षांपूर्वी ती अंगावरच्या लुगड्यानिशी माहेरी आली, तेव्हा तिची तीन वर्षांची मुलगी तापानं फणफणलेली होती. सासू म्हणाली, ‘पोरगी आत्ता न्हिऊ नगं, ताप उतरला की धाडून देऊ.’ तो ताप दोन वर्षं उतरला नाही. आबा चार वेळा गेले आणि चार वेळा चहा पिऊन परत आले. मग एकदाचा तिकडून निरोप आला. दाजींचं, म्हणजे आक्काच्या नवऱ्याचं, माघात दुसरं लग्न ठरलं होतं. नव्या सोयऱ्यांना जुनी गाठ सुटलेली हवी होती. आबांनी उलट निरोप धाडला, ‘आधी पोरगी, मग काडी.’ आयुष्यात आबा पहिल्यांदाच एवढं नेटानं बोलले. तिकडून होकार आला. जागा ठरली शिवेवरचं देऊळ, म्हणजे ना त्यांचं गाव, ना आमचं.

आक्कानं मुलीसाठी पिवळा फ्रॉक शिवला होता. माप ठाऊक नव्हतं. गल्लीतली पाच वर्षांची एक पोर बोलावून तिच्या पाठीला कापड लावून बघितलं, वर चार बोटं जास्त धरली. ‘मोठाच बरा,’ म्हणाली. ‘लई दिस घालंल.’

आम्ही आधी पोहोचलो. आरशांचा तंबू फाटून गेला होता, आरसे लिंबाला टेकून ठेवले होते. आक्का त्यातल्या एका लांबुडक्या आरशासमोर उभी राहून कुंकू सारखं करू लागली. मला हसू आलं.

‘आक्के, कपाळच हातभर दिसतंय, कुंकू कुठं लावतीस?’

‘तू बघून सांग की मग,’ ती म्हणाली. ‘तिनं वळकायला पायजे गं मला.’

माझं हसू तिथंच थांबलं.

ते जीप घेऊन आले. दाजी, त्यांची आई, मध्यस्थ म्हातारा आणि मुलगी. मुलगी आजीच्या पदराआड होती. आक्कानं फ्रॉक पुढे केला, रेवड्या पुढे केल्या, तरी ती बाहेर येईना. आक्का गुडघ्यावर बसली. ‘ये की गं माझ्या बाई. मी आई हाय तुजी.’ मुलीनं आजीकडे मान वर करून विचारलं, ‘आई, ह्या कोन हायती?’

आजीलाच ती आई म्हणत होती. घरात सगळे जी हाक मारतात तीच पोरं मारतात, त्यात पोरीचा काय दोष? पण आक्काच्या तोंडावरचा रंग उतरला. मला त्या क्षणी त्या बाईचा झिंज्या धरण्याइतका राग आला होता, आणि तो अजून गेलेला नाही. पण खरं सांगायचं तर पोरीचं नाक तिनं आपल्या पदरानं फार मायेनं पुसलं, हेही मी बघितलं.

मध्यस्थ म्हातारा म्हणाला, ‘आसं वढून न्हिऊ नका. पोर बुजंल. रुळू द्या जरा.’ मुलीचं लक्ष आकाशपाळण्यावर होतं. वाटेत तिला त्याचीच लालूच दाखवून आणलं असावं. आजी म्हणाली, ‘पाळन्यात बसवू तिला. खूश झाली की जाईल आपसूक.’

पाळणेवाला झोपडीतून बाहेर आला. त्याचा एक भाऊही होता. यात्रेत तो पाळणा चार-पाच गडी आऱ्यांवर चढून पायानं रेटायचे. आता दोघंच उरले होते आणि दोघंही दुष्काळी कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीवर जगत होते. सहा लाकडी पेट्यांचा तो पाळणा महिनोन्‌महिने हलला नव्हता. पाळणेवाल्यानं आसाला काळं तेल घातलं आणि म्हणाला, ‘यकीकडं वझं चालत न्हाई. आजी आन्‌ नात हितं बसल्या तर समोरच्या पेटीत बी कुनीतरी पायजे. न्हाईतर आमच्यानं आवरायचा न्हाई.’

‘मी बसते,’ आक्का लगेच म्हणाली.

दोघींच्या मानानं आक्का हलकी होती, म्हणून त्यानं खडीचा एक मोठा दगड तिच्या पायाशी ठेवला. मी आयुष्यभर पाळण्याला भ्याले, पण त्या दिवशी मला वाटलं, बरं झालं. गर्दी नाही, गोंगाट नाही, मायलेकी एकमेकींना नीट बघतील.

पाळणा कुरकुरत फिरायला लागला. आऱ्यांवरचा रंग पोपडे धरून खाली पडत होता. पहिल्या फेरीत मुलगी आजीच्या कुशीत तोंड खुपसून होती. आक्का समोरून हाका मारत होती. ती वर गेली की लेक खाली, लेक वर गेली की ती खाली. मधे कुठेतरी दोघी एका उंचीला यायच्या, तेवढ्यात आक्का हात हलवायची. मग तिनं तो पिवळा फ्रॉकच बाहेर काढून फडकवायला सुरुवात केली. तिसऱ्या-चौथ्या फेरीला मुलगी हसली. आणखी एका फेरीनंतर तिनं एक हात हळूच बाहेर काढला आणि हलवला. आक्का एवढ्या मोठ्यानं हसली की देवळावरची कबुतरं उडाली. दोन वर्षांत मी तिचं हसणं ऐकलं नव्हतं.

इकडे मध्यस्थ आबांना म्हणाला, ‘बगा, रुळली. आता खाली उतरली की तुमचीच. तंवर काडीचं उरकून घेऊ. उनं वर चढाय लागली.’

‘आधी पोरगी,’ आबा म्हणाले, पण आवाज आधीच नरमला होता. पाळण्याकडे बघून त्यांचे डोळे भरले होते.

‘देवाच्या दारात मी सबुद देतो. आजून काय पायजे?’

आमचे आबा देवमाणूस. आणि व्यवहारात देवमाणसाचा उपयोग देवळातल्या देवाइतकाच, फक्त उभं राहायचं. पण आमच्याकडे देवाच्या दारात दिलेल्या शब्दावर शंका घेणं म्हणजे शब्द देणाऱ्याच्या तोंडात मारणं. आबांनाच काय, त्या दोन गावांत कुणालाही ते जमलं नसतं. दाजींनी काडी मोडली. अर्धी आबांच्या तळहातावर ठेवली.

त्याच वेळी आजीनं वरून ओरडायला सुरुवात केली. ‘थांबवा रं, थांबवा, मला गरगराय लागलं!’ पाळणेवाल्यानं तिची पेटी खाली आणली, भावानं आऱ्यात दांडा घालून पाळणा रोखला. आजी मुलीला घेऊन उतरली. गरगरणाऱ्या बाईनं एवढ्या झपाट्यानं चालू नये. ती सरळ जीपकडे गेली. दाजी आधीच तिथे होते. जीपचं इंजिन बंद झालेलंच नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

‘आवं, पोरगी!’ आबा ओरडले. मध्यस्थ म्हातारा जमिनीकडे बघत जीपमध्ये चढला. गरज सरो, वैद्य मरो. जीप हलली. आबा धोतर सावरत मागे धावले, अर्धी काडी मुठीत तशीच.

आणि आक्का वर होती. आजीची पेटी अगदी खाली, म्हणजे समोरची पेटी अगदी वर. तिथून तिला सगळा माळ दिसत होता. ‘खाली घ्या मला! आरं, खाली घ्या!’ ती पेटीत उभी राहिली, तशी पेटी झोकांड्या खायला लागली.

‘बसा बाई, बसा, पडशाल!’ पाळणेवाला ओरडला. त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. ‘खालची पेटी रिकामी झाली. वर बाई आन्‌ दगूड. दांडा काढला तर पाळना गपकन फिरंल, पेटी उलटंल. आमी दोगं किती धरनार? खाली वझं पायजे.’ मग त्यानं माझ्याकडे बघितलं. ‘ताई, तुमी बसा.’

जीपमागे धावावं, की बसावं? धावून मी जीप गाठणार नव्हते. आबाही गाठणार नव्हते. मी मुलीच्या जागेवर जाऊन बसले. फळी अजून ऊबदार होती. माझ्या पायाशी त्यांनी दुसरा दगड ठेवला, दांडा काढला आणि दोघांनी हळूहळू पाळणा सोडला.

त्या अर्ध्या फेरीला किती वेळ लागला, मला सांगता येणार नाही. मी डोळे मिटले नाहीत. मधे एकदा आक्का माझ्या समोर, माझ्या उंचीला आली. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती खाली टेकली, पेटी पुरती थांबायच्या आत तिनं उडी मारली आणि अनवाणी धावत सुटली. पाळणेवाल्यानं घाईनं दांडा घातला. मी वर अडकले.

वरून मला सगळं दिसलं. आबा पांदीच्या तोंडाशी खाली बसले होते. आक्का त्यांच्या बाजूनं पुढे निघून गेली होती, खाचखळग्यांच्या वाटेवर, दोन्ही बाजूंच्या निवडुंगांमधून. तिला जीप दिसत नव्हती, नुसती धूळ दिसत होती. मला जीप दिसत होती. कोरड्या ओढ्यातून ती हळू पलीकडे चढत होती. मागचा पडदा वर बांधला होता आणि आजीच्या मांडीवर मुलगी पाळण्याकडे तोंड करून बसली होती. धावणारी आक्का निवडुंगाआड होती. मुलीला फक्त आकाशपाळणा दिसत होता, आणि त्याच्या सगळ्यात वरच्या पेटीत एक बाई.

तिनं हात हलवला. चांगला जोरात, जीप दिसेनाशी होईपर्यंत.

पुढे आबा तीन वेळा त्या गावी गेले. एकदा दार बंद, एकदा ‘पोर रडती, तुमच्याकडं न्हाई यायची म्हनती’, आणि एकदा तर चहासुद्धा मिळाला नाही. मध्यस्थ म्हातारा म्हणाला, ‘पोरीनंच निवड केली, माजा काय विलाज?’ कोर्टाची पायरी आमच्या घरात कुणी चढलं नव्हतं, ती आबाही चढले नाहीत. आक्का माझ्याकडे राहिली, माझी पोरं तिनं वाढवली. पिवळा फ्रॉक तिनं माझ्या मुलीला कधी घालू दिला नाही.

आता ती ऐंशीला टेकली आहे. बरंच विसरते. दुपारी खाटेवर पडल्या पडल्या मधूनच विचारते.

‘तिनं हात क्येला ना गं?’

‘केला.’

‘कुनाला?’

‘तुला, आक्का.’

हे खोटं नाही. पेटीत मी बसले होते, पण त्या पोरीनं हात केला तो आक्कालाच.