टिंबापुढचे वाटे

लासुर्ण्याजवळच्या एका शाळेत माझी पत्नी सातवीला गणित शिकवत होती. माझी वर्तमानपत्रातली नोकरी सुटल्यावर तिला गाडीवरून पोहोचवणं माझ्याकडे आलं. कधी कधी मी तिच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचो.

एके दिवशी तिने फळ्यावर प्रश्न लिहिला : १.२० आणि १.५ यांत मोठी संख्या कोणती? जवळजवळ सगळ्या वर्गाने उत्तर दिलं, दोन्ही सारख्या. तिने कारण विचारलं. पुढच्या बाकावरची मुलगी उठली.

"एक एकर वीस गुंठं म्हंजी दीड एकरच की, बाई."

त्यांच्या घरी जमीन अशीच लिहितात. एकराचे गुंठे चाळीस, म्हणून टिंबापुढचे वीस म्हणजे अर्धा. उत्तर चुकलं होतं, विचार चुकला नव्हता. पत्नीने फुली मारली नाही. मैदानात काठीने दोन सारखी वावरं आखायला लावली. एकाचे वाटे चाळीस, दुसऱ्याचे दहा. पुस्तकातलं टिंब दुसऱ्या वावराचं, हे पोरांनी भांडून ठरवलं.

"टिंब एकच अन् वाटे दोन तऱ्हंचे? ही फसवणूक हाय, बाई," ती मुलगी म्हणाली.

"तुझ्या आबांनी आमचा बांध कोरला, तवा न्हाय वाटली व्हय फसवणूक?" मागून एकाने टोमणा मारला.

यात आठवडा गेला. शेवटी त्या मुलीने १.२० मधलं शून्य पुसलं. "दहातले दोनच वाटे. शून्य ऱ्हाऊ दे न्हायतर जाऊ दे."

तोवर धडे मागे राहिले होते. "बाई, गुंठे मोजायला तलाठी आहेत. तुम्ही धडे संपवा," मुख्याध्यापक म्हणाले. चाचणीत न शिकवलेल्या धड्यांचे प्रश्न आले आणि वर्ग मागे पडला. पत्नीचा वर्ग काढून घेतला. तिला कार्यालयात ऑनलाइन माहिती भरायला बसवलं. बारामतीहून येणाऱ्या एका सरांना सातवी मिळाली.

त्यांचा पहिला तास मी व्हरांड्यातून ऐकला. फळ्यावर २.४ आणि २.३५ होतं.

"शून्य लावा, अंक सारखे करा. मोठा दिसेल तो मोठा."

तीच मुलगी उठली. "सर, म्हंजी आता शंभर वाटे करायचे का?"

"वाटे घरी कर. इथं शून्य लाव."

वर्ग हसला. तिने खाली बसून शून्य लावलं.

पुढच्या चाचणीत वर्गाला चांगले गुण पडले. ते संगणकात पत्नीने भरले. मुख्याध्यापक तिच्या खुर्चीमागे उभे होते.

"बघा बाई, पोरांना येत होतं की."