निरीक्षक, द्रष्टा आणि मावशीच्या गोळ्या

तुमच्या घरात ‘क्वांटम’ म्हणून काय शिरलं आहे? लॉकेट, पाण्याची बाटली, की उशी? आमच्याकडे लॉकेट आलं. मावशीनं ते पंचवटीतल्या एका दुकानातून आणलं, गळ्यात घातलं आणि रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या. लॉकेट शरीरातल्या लहरी दुरुस्त करतं, असं दुकानदारानं सांगितलं होतं. कुठल्या लहरी, ते तिनं विचारलं नाही. वांगी घेताना मात्र ती प्रत्येक वांग्याचा देठ उचलून बघते.

म्हणून त्या महिन्याच्या गप्पांना मी तिला ओढत नेलं. आम्ही काही जण भौतिकशास्त्रावर गप्पा ठेवतो. पत्रकं आम्हीच छापतो, भाजीबाजारात आम्हीच वाटतो: ‘हार नाहीत, दीपप्रज्वलन नाही. प्रश्न विचारा, चहा प्या.’ मी अशी पत्रकं वाटतच वाढले, त्यामुळे एकदा छापलं की तसंच घडतं असा माझा समज होता. सभागृह फुकट देणाऱ्या वाचनालयाची एकच अट होती, अध्यक्ष त्यांचा. अध्यक्ष आले तसे हार आले, समई आली, आणि प्रश्नांची वेळ समईतच जळून गेली.

बोलायला इगतपुरीहून एक प्राध्यापक बाई आल्या होत्या. इलेक्ट्रॉनची नोंद घेतली की त्याचं वागणं बदलतं, हे सांगताना त्या ‘निरीक्षक’ म्हणाल्या, तोच पिंपळगावचा एक कांदा व्यापारी मागून बोलला, “बाई, वजनमापाचा निरीक्षक आला ना, की आमचा काटा बी लय शहाण्यावानी वागतो.” सगळे हसले, बाईही हसल्या. म्हणाल्या, तुमच्या काट्याला निरीक्षक आलेला कळतो, कारण काट्यामागे तुम्ही असता. इलेक्ट्रॉनला काही कळत नाही. खोलीत माणूस नसला, नुसतं यंत्र नोंद घेत असलं, तरी तेच घडतं. मावशी कान देऊन ऐकत होती. मला वाटलं, जमलं.

मग अध्यक्ष उठले. ‘निरीक्षक’ हा शब्द त्यांना सरकारी वाटला. त्यांनी त्या जागी ‘द्रष्टा’ बसवला. एवढंच केलं. पण निरीक्षकाला मोजावं लागतं, द्रष्ट्याला लागत नाही. तिथून गाडी जी उताराला लागली ती थांबेना. द्रष्टा म्हणजे मन, मनानं विश्व घडतं, मग शरीर का नाही घडणार? बाईंना मिळाल्या नव्हत्या एवढ्या टाळ्या पडल्या. मावशीनं मला कोपरानं ढोसलं. “बघ. एवढा शिकलेला माणूस सांगतोय.”

अध्यक्षांनंतर कुणी बोलायचं नसतं, फक्त आभार मानायचे असतात. आभार माझ्याकडे होते. मी ते मानले नाहीत. माइक बाईंपुढे धरला आणि विचारलं, निरीक्षक म्हणजे द्रष्टा का? बाई अध्यक्षांकडे बघून अगदी नम्रपणे म्हणाल्या, “नाही.” अध्यक्ष चहा न घेता गेले. वाचनालयानं सभागृह दुरुस्तीला काढलं. गवंडी अजून यायचा आहे.

मावशी माझ्यावर उखडलीच, पण चहाच्या वेळी बाईंशीही भांडायला गेली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मावशी, बीपीचं मशीन आधी तुम्हाला विचारतं का, आकडा किती हवाय?”

मावशी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन मोजून आली. आकडा डॉक्टरांना आवडला नाही. गोळ्या पुन्हा चालू झाल्या. आम्ही जिंकलो, असं मी लिहिलं असतं. पण ती प्रत्येक गोळी आधी लॉकेटला लावते, मग गिळते. रक्तदाब उतरला, तो अर्थातच लॉकेटमुळे. आता भजनी मंडळात ती लॉकेटचे गुण गाते, आणि शेजारच्या काकूंनी तसलंच लॉकेट घालून मधुमेहाच्या गोळ्या सोडल्यात. मी काकूंना समजवायला गेले. त्या म्हणाल्या, मोठ्यांचा मान न ठेवणाऱ्या मुलीनं मला शिकवू नये.

तुम्ही परके आहात, तुमचं ऐकतील. तेव्हा पुढच्या वेळी कुठल्याही सभागृहात अध्यक्ष विज्ञानाला आशीर्वाद द्यायला उठले, की अशा एखाद्या काकूंना शेजारच्या खुर्चीत बसवून घ्या, हात वर करा आणि शांतपणे विचारा: हे कुणी मोजलं, कशानं मोजलं? उत्तर मिळेपर्यंत हात खाली घेऊ नका.