खोडलेला आकडा

गॅलरीत वाळत घातलेल्या घोंगडीचा ओला वास आला आणि मुळशीचे बबननाना आठवले. गावातला पर्जन्यमापक तेच वाचायचे. एका पावसाळ्यात ते नोंदवही घेऊन माझ्या कचेरीत आले.

"सायेब, भांडं भरून वाहील म्हनून मधीच एकदा मोजून वतलं. दोन्हीची बेरीज लिवलीया."

मी पावसाचा संशोधक. एका दिवसात एवढा पाऊस मला अशक्य वाटला. "नाना, चुलीपाशी बसून लिहिलंत ना?" म्हणत मी आकडा खोडला. 'निरीक्षकाची चूक', असा शेराही मारला. नानांचं काम गेलं.

आज आमचेच संशोधक भाषणांत ठणकावतात, "डोंगरात पूर्वी असा पाऊस व्हायचाच नाही, नोंदच नाही." अरे, नोंद होती! मीच ती खोडली, आणि तेव्हा नानांच्या घोंगडीचं पाणी माझ्या टेबलावर ठिबकत होतं.