आत्याची छप्पन्न डिग्री

आमची आत्या लाकूड भाजते. म्हणजे परदेशात जाणारी यंत्रं ज्या लाकडी पेट्यांत बसवतात ना, त्या पेट्या ती बारा वर्षं भट्टीत तापवतेय. लाकूड अगदी आतपर्यंत छप्पन्न डिग्री, सलग अर्धा तास! मगच पेटीवर शिक्का, आणि शिक्का नसेल तर समोरचा देश माल उतरवूच देत नाही. का, तर आपल्या लाकडातली कीड त्यांच्या जंगलात शिरू नये.

"जंगल त्यांचं, डोकेदुखी आपली! माल अडवायचे बहाणे नुसते," मालक रोज कुरकुरतात.

"आणि त्यांची कीड आपल्या झाडांना लागली, मग?" आत्या लगेच.

परवा मी तिला डबा द्यायला गेले. भट्टी नुकतीच थांबलेली, ट्रक फाटकात, सहाच्या आत पेट्या बंदरात हव्यात, यंत्रं तिथेच भरायची. आत्याने दार उघडलं आणि कपाळावर हातच मारला! तापमानाची सुई सगळ्यात जाड ठोकळ्यात खोचायची असते, हिने सकाळी घाईत पातळ फळीत खोचलेली!

"मालक, चूक माझी. शिक्का नाही मारणार."

"अगं बाई, कोणाला कळतंय?"

आत्याने करवत घेतली न् एक ठोकळा उभा चिरला. आत पांढरी अळी. वळवळत होती!!! मालक दोन पावलं मागे.

"ही तिकडे सापडली असती तर अख्खा माल परत, आणि माझा शिक्का कायमचा जप्त," आत्या म्हणाली.

तो ठोकळा बदलला, सुई जाड ठोकळ्यात गेली, भट्टी परत पेटली. पन्नास... त्रेपन्न... साडेचारला छप्पन्न. आता अर्धा तास. पंचवीस मिनिटं झाली तर ट्रकवाल्याचा हॉर्नवर हॉर्न, आणि मालक चक्क हात जोडून, "ताई, पाच मिनिटांनी काय बिघडतंय?"

आत्या दाराला पाठ लावून उभी. "अळीला विचारा."

पाच वाजता शिक्के. धाड धाड धाड! पेट्या अजून चटके देत होत्या, तशाच चढवल्या, मीसुद्धा! सहाला आठ मिनिटं कमी असताना ट्रकवाल्याचा फोन, "घेतलं आत!" मालक अक्षरशः नाचले. मी आत्याला मिठी मारली, तर बाईसाहेब डबा उघडायला लागल्या.

नाचून झाल्यावर मालक एकदम कडक. "उद्यापासून सुई मी लावणार."

"लावा की. या उद्याच्या पेटीतला सगळ्यात जाड ठोकळा दाखवा बघू."

मालकांनी झोकात बोट ठेवलं. फळीवर!