मला घडवायला आलेल्या बाई

"हाय नाही. आहे. म्हण बघू."

मॅडमनी माईक माझ्या तोंडापुढे धरला. नगर-पुणे रस्त्यावरच्या हॉटेलातला एसी हॉल. गोल टेबलं, त्यांवर पांढरी कापडं, आणि भोवती जिल्ह्यातल्या कारखान्यांचे एचआरवाले. प्रत्येकाने उभं राहून ओळख करून द्यायची होती. मी एवढंच म्हणाले होते, "मी कर्जत तालुक्यातली हाय. सुप्याला एका कारखान्यात एचआरला काम करते." घाईत निसटलं तोंडातून.

"आहे," मी म्हणाले.

"असं चोरून नको. मोकळ्या आवाजात. आ-हे. परत."

"आहे."

"छान! टाळ्या वाजवा हिच्यासाठी."

टाळ्या पडल्या. हशा पिकला. हसणारे निम्मे शेवगाव-पाथर्डीचे, राहुरीचे. घरी फोन लावला की "आये, जेवान झालं का" विचारणारे. तेच सगळ्यात मोठ्यानं हसले.

मी तेव्हा तिशीला आलेली बाई. एमएसडब्ल्यू झालेली. पोरगी नव्हते. प्रमाण भाषा मला येत होती. आत्ता मी हे लिहितेय ते तिच्यातच लिहितेय. ती मॅडमनी नाही दिली. झेडपीच्या शाळेत मिळाली, फुकट मिळाली, आणि देणाऱ्या गुरुजींनी टाळ्या मागितल्या नाहीत.

कार्यक्रम असा होता. पुण्यातल्या बड्या कंपन्यांत पदं भोगून निवृत्त झालेल्या एचआरवाल्यांनी एक मंडळ काढलं होतं. त्यांना आता समाजाचं देणं फेडायचं होतं. मग तालुक्या-जिल्ह्यांतले आमच्यासारखे नवखे लोक वर्षभरासाठी दत्तक घ्यायचे. प्रत्येकाला एक मेंटॉर. आमच्या मॅनेजरनी माझं नाव पाठवलं आणि माझ्या वाट्याला या मॅडम आल्या. हातमागाची साडी, चांदीचं मोठं पेंडंट, चंदेरी केस छान कापलेले. बोलणं इतकं गोड, की शिवी दिली तरी माणूस थँक्यू म्हणेल.

चहाच्या वेळी त्यांनी मला बाजूला घेतलं.

"नाव ख्रिश्चन आणि आडनाव आपलं मराठी. इंटरेस्टिंग. मूळचे कोण गं तुम्ही?"

"कर्जतचे."

"तसं नाही, बाळा. मूळचे."

मला कळलं होतं. मराठी माणसाला हा प्रश्न कळत नाही असं होत नाही. माझ्या पणज्यानं मिशनच्या पाद्र्याकडून बाप्तिस्मा घेतला, तो हा प्रश्न संपावा म्हणून. माझा बाप गवंडी. आई मिशनच्या दवाखान्यात आया. आमच्या घरी रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जाताना चपला पुसून घालतात. पण पणज्याच्या आधीचं काय ते मॅडमना हवं होतं. मी गप्प बसले. त्यांना उत्तर मिळालं. हातातला कप त्यांनी बशीत ठेवला आणि माझ्या खांद्यावर थोपटलं. "काही हरकत नाही," म्हणाल्या. जसा काही मी गुन्हा केला होता आणि त्यांनी तो पोटात घातला.

त्यानंतर दर महिन्याला मॅडम आमच्या कारखान्यात यायच्या. कंपनी गाडी पाठवायची. मॅनेजर दारात उभे. मग आमचं शिकणं सुरू.

काय शिकवलं? अबोली रंग घालू नकोस, फार गावठी दिसतं. हसताना दात दाखवू नकोस. केबिनमध्ये सुकट-भाकरीचा डबा उघडू नकोस, वास बसतो पडद्यांना. कामगार आत आला की लगेच मान वर करू नकोस, थोडं थांबव त्याला. सही लांब कर. मी एकदा विचारलं, "ठेकेदाराकडच्या सफाईच्या बायकांचा पीएफ वेळेवर भरला जात नाही, त्याचं काय करायचं?" मॅडम हसल्या. दात न दाखवता. म्हणाल्या, "ते क्लार्कचं काम. तू लीडरशिपकडे बघ."

त्यांचा एक लाडका धडा होता. "एचआर म्हणजे उशी. वरून मालक टेकतो, खालून कामगार ढकलतो. आपण मऊ राहायचं." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर तेज यायचं. आयुष्यभर उशी होऊन बाई पुण्यात फ्लॅट, लोणावळ्यात बंगला करून बसली होती. आणि तेच ज्ञान मला वाटत होती.

माणसं 'हाताळणं' हाही त्यांचाच शब्द. भांडी हाताळतात. जनावरं हाताळतात.

एकदा त्यांनी माझ्याबरोबर फोटो काढला आणि मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. आम्ही दत्तक घेतलेलेही त्यात होतो. खाली लिहिलं, "कच्चा दगड हळूहळू आकार घेतोय." अंगठे आले, फुलं आली, हात जोडलेले आले. मी दगड. त्या छिन्नी. तो फोटो मी आईला दाखवला नाही. आईला वाचता येतं.

हे सगळं मी गिळलं. का गिळलं? वर्षाच्या शेवटी प्रमाणपत्र होतं, त्याच्यावर पुण्याच्या मोठ्या माणसांच्या सह्या होत्या, आणि मला पुढे जायचं होतं. भूक असली की माणूस चव बघत नाही.

मग उन्हाळा लागला.

आमच्या कारखान्यात नवीन कॅन्टीन झालं होतं. पंखे, कूलर, स्टीलची टेबलं. कामगार, सुपरवायझर, ऑफिसवाले, सगळे तिथं जेवायचे. साफसफाईच्या बायका सोडून. त्या पाठीमागे भंगाराच्या पत्र्याखाली बसायच्या. तसा नियम कुठं लिहिलेला नव्हता. लिहायची गरजच पडत नाही.

त्यांच्यात हौसाबाई म्हणून एक होती. भिंगारकडची. पन्नाशीची, काटक. संडास-मुताऱ्या तिच्याकडे. एप्रिलमधल्या एका दुपारी पत्रा इतका तापला, की ती उठली, डबा घेतला आणि सरळ कॅन्टीनमध्ये येऊन कोपऱ्यातल्या टेबलाला बसली. दोन घास खाल्ले असतील. लाइनचा सुपरवायझर आला.

"ए, हात कुठं घालून आलीस? ऊठ."

"साबनानं धुतले की, सायेब."

"ऊठ म्हणतो ना!"

हौसाबाई उठली. डब्याचं झाकण लावायलाही वेळ दिला नाही. मग त्याने कॅन्टीनवाल्याला हाक मारली आणि ती उभी असतानाच, तिच्या डोळ्यांदेखत, ते टेबल फिनेलने पुसून घेतलं. रोज ती स्वतः सगळ्या कारखान्याला लावते तेच फिनेल. भोवतीचे सगळे जेवत होते. कुणाचा घास थांबला नाही.

ती माझ्याकडे आली. खुर्चीवर बस म्हटलं तर बसेना.

"म्याडम, रडाया न्हाई आले. एकच इचारते. मी टेबलाला बसले, तर टेबलाला काय झालं?"

मी कागद पुढे ओढला. तिची तक्रार मी तिच्या शब्दांत उतरवून घेतली, तिला वाचून दाखवली, तिचा अंगठा घेतला. दुपारीच मॅनेजरना सांगितलं, की हा विषय तक्रार समितीपुढे जाईल आणि मी स्वतः तो मांडणार आहे.

मॅनेजरनी कपाळाला हात लावला. "उद्या तुमच्या मेंटॉर मॅडम येताहेत ना? आधी त्यांच्याशी बोला. मग बघू."

दुसऱ्या दिवशी मॅनेजरच्या केबिनमध्ये आम्ही तिघं. मॅडमसाठी ग्रीन टी. मॅडमनी सगळं आधीच ऐकून घेतलेलं होतं. कागदाकडे त्यांनी बघितलंही नाही.

"हा हायजीनचा विषय आहे, बाळा. तू त्याला जातीचा रंग देऊ नकोस."

"टेबल फिनेलने पुसलं, मॅडम. ती समोर उभी असताना."

"स्वच्छताच केली ना? आणि तुला काय एवढं? तू तर ख्रिश्चन. तुमच्यात कुठं जात असते?"

पहिल्या दिवशी चहाच्या वेळी ह्याच बाईंना मी मूळची कोण ते हवं होतं. सोयीचं असेल तेव्हा मी मूळची. सोयीचं नसेल तेव्हा ख्रिस्ती. माझा पणजा, माझा बाप्तिस्मा, माझा देव, सगळं त्यांच्या पर्समध्ये. लागेल तसं काढायचं.

पण खरी गंमत पुढे होती. मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या. आवाज आणखी मऊ केला.

"हे बघ, समितीबिमिती नको. तू जा त्यांच्याकडे. पाठीमागे, त्यांच्यात बस. तू त्यांच्यातलीच आहेस, तुझं ऐकतील. त्यांच्या भाषेत सांग. ते तुमचं 'हाय-न्हाई' करून. सांग, की तुम्हाला तिकडे एक पंखा लावून देतो. तक्रार मागे घेतील. ही तुझी खरी परीक्षा आहे. लीडरशिप यालाच म्हणतात."

मॅनेजर मान हलवत होते.

इतके महिने ही बाई माझ्या तोंडातून माझ्या आईची भाषा चिमट्याने उपटत होती. आज तीच भाषा तिला हवी होती. कशासाठी? हौसाबाईला पत्र्याखाली बसवून ठेवण्यासाठी. माझं सगळं शिकणं यासाठी होतं. पुस्तकं नाही, कायदा नाही, पुढं जाणं नाही. हौसाबाईच्या तोंडावर दाबायला तिच्याच कापसाची उशी पाहिजे होती.

अंगातली भीती कुठं गेली ते कळलं नाही. राग आला असंही नाही. किळस आली. ओल्या फडक्यावर हात पडावा तशी.

"मी सांगनार न्हाई," मी म्हणाले.

मॅडमच्या भुवया वर गेल्या. "आपण काय बोलतोय, बाळा?"

"मी तुमचं बाळ न्हाई. आईनं माज्या मला वाढवलंय, आता कुनी परत वाढवायची गरज न्हाई. तक्रार समितीफुडं जानार. आन् त्या बायका उद्या आत जेवनार."

"भाषा सांभाळा," मॅनेजर म्हणाले.

"सांभाळलीच हाय, सर. लई दिवस."

मी उठले. दार मुद्दाम हळू लावलं. माझ्या हातानं आपटलं गेलं असतं, तर तेच त्यांनी आठवणीत ठेवलं असतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी भंगाराकडे गेले. हौसाबाई, तिच्या दोघी-तिघी जोडीदारणी. एक म्हणाली, "नगं बया. ठेकेदार काडून टाकील." तिची भीती खोटी नव्हती, म्हणून मी तिला काही समजावलं नाही. काय होऊ शकतं ते खरं तेवढं सांगितलं. हौसाबाईनं डबा उचलला. "चला," म्हणाली. "ह्या पत्र्याखाली मरायचं ते आत मरू." शेवटी भिणारीही उठली.

आम्ही मधल्या टेबलाला बसलो. कोपऱ्यात नाही. मी माझा डबा उघडला. सुकट होती. शेजारची दोन टेबलं भराभर रिकामी झाली. ताटं घेऊन लोक असे पळाले, की जणू आग लागली. दोन-चार जण बसून राहिले, खाली मान घालून. त्यांचंही मी कौतुक करणार नाही. बसून राहणं हे काही शौर्य नव्हे.

सुपरवायझर आला. काही बोलायच्या आत मीच म्हणाले, "टेबल पुसायचंय? आत्ता पुसा. आम्ही जेवताना. सगळ्यांसमोर."

तो उभा राहिला. फिरला आणि निघून गेला. हौसाबाईनं माझ्या डब्यातली सुकट घेतली, मला तिच्याकडची मिरचीची भाजी वाढली. कुणी भाषण केलं नाही. जेवलो.

मग जे व्हायचं ते झालं. मॅडमनी मला कार्यक्रमातून काढलं. ग्रुपवर लिहिलं, "काहींना कितीही संधी दिली तरी मनातला न्यूनगंड जात नाही." पुन्हा अंगठे, पुन्हा फुलं. ज्या बाईला एक टेबल स्वच्छ ठेवायला दुसरी बाई उठवावी लागते, ती माझा न्यूनगंड मोजत होती. मी तिला उत्तर लिहिलं नाही. मी ग्रुपही सोडला नाही. राहू दे मला तिथं. बघू दे त्यांना माझं नाव.

समिती बसली. सुपरवायझरला दुसऱ्या शिफ्टला टाकलं. माफी नाही. "गैरसमज झाला" असं लिहिलं. मी त्यावर सही केली नाही. माझं मत वेगळं आहे, असं खाली लिहिलं आणि तक्रारीची प्रत नगरला कामगार आयुक्तांच्या ऑफिसला नेऊन दिली. त्याच आठवड्यात मला एचआरमधून उचलून गेटवरच्या टाइम ऑफिसला बसवलं. आल्या-गेल्याची हजेरी बघायला. शिक्षा म्हणून. बसले.

आईला फोनवर सांगितलं.

"नोकरी ऱ्हाईल का गं?"

"म्हाईत न्हाई."

"मग घाबारलीस का?"

"न्हाई."

"मग झालं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

परवा मॅनेजरनी बोलावलं. आवाज एकदम मॅडमसारखा मऊ. शिकलेत त्यांच्याकडून. "तुम्हीच राजीनामा दिलात तर बरं. अनुभवाचा दाखला चांगला देतो. तुमच्या करिअरसाठीच सांगतोय."

मी म्हणाले, "राजीनामा देणार नाही. तुम्ही काढा."

"असं कसं काढणार? काहीतरी कारण लागतं."

"हाय की कारण. साफसफाईच्या बायकांना टेबलाला बसवलं म्हणून काढलं, असं लिहा. खाली सही करा. लांब करा सही."

ते खिडकीबाहेर बघत बसले.

ते कारण त्यांना लिहिता येत नाही. दुसरं त्यांच्याजवळ नाही. त्या बायका रोज आत जेवतात आणि मी त्यांच्याबरोबर जेवते. ज्या दिवशी त्यांच्यातल्या एकीलाही उठवतील, त्या दिवशी मी पुन्हा लिहीन, पुन्हा नगरला नेऊन देईन, आणि पुन्हा कामावर येईन. मी इथून जाणार नाही. त्यांनी मला हाताने धरून बाहेर काढावं, दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर, आणि का काढलं ते मोठ्याने सांगावं.